गळ सहाचा की दोनचा

सुकदेवभाऊ माशाचं आधी तोंड बघत. मासा केवढा, वजन किती, हे सगळं नंतर. मासा वर आला की ते हात पाण्यात बुडवून ओले करत, अंगठ्याने त्याचा जबडा हळूच उघडत आणि करंगळीचं नख आत लावून मोजत. एका नखाचं तोंड, दीड नखाचं, दोन नखांचं. मग मला म्हणत, "अंग बघून फसू नको, बहिनी. हा बघ ताटाएवढा आहे, आणि तोंड? शर्टाच्या बटणाएवढं. याला मोठा गळ दाखवलास तर तो हसेल तुला." मग गळ सोडवून माशाला पाण्यातच दोन्ही हातांनी धरून ठेवत. त्याचे कल्ले नीट हलायला लागले की हात काढून घेत आणि म्हणत, "जा बेटा. माफ कर."

माशाची माफी मागणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्या घरी मासे धरत, विकत, खात. माफी कोणी मागत नसे.

मी हॉलंडमधल्या आल्मेरेला आले होते ती मनीषाच्या, माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी. तीन महिन्यांनी परत जायचं होतं. मूल झालं आणि तिसऱ्या आठवड्यात तो आजार आला. ऑफिसं बंद, विमानं बंद. मुलगी आणि जावई दोन खोल्यांची दारं लावून कॉम्प्युटरवर मीटिंगा करत. बाळ झोपलं की घरात भांड्याचासुद्धा आवाज करायचा नाही. मग मी मागच्या दाराने बाहेर पडे. पाच मिनिटांवर कालवा होता, त्यावर एक लाकडी पूल, आणि पुलाच्या पलीकडे एक बाक. बाकाशेजारी घडीची खुर्ची टाकून हे बसलेले असत. उंच, वाळलेले, सावळे, डोक्यावर लोकरीची टोपी. पहिले काही दिवस मी मान खाली घालून पुढे निघून जाई. कोणी बोललं तर काय उत्तर द्यायचं, याची भीती.

एक दिवस मी थांबले ते त्यांच्या गळामुळे. ते आमिष लावत होते आणि माझी नजर गळावर गेली. त्यांनी ते पाहिलं.

"का हाल, बहिनी?" ते म्हणाले.

मी दचकलेच. तिथे रस्त्यावर आपल्यासारखं कोणी बोलेल हे मनातही नव्हतं. ते दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचे. त्यांच्या पणजोबांना बिहारकडून जहाजात घालून उसाच्या मळ्यावर कामाला नेलं होतं. भाऊ तरुणपणी तिथून हॉलंडला आले. त्यांची भाषा हिंदीसारखी, पण हिंदी नव्हे. माझी हिंदी तर मोडकीच. तरी मधे मासे असल्यामुळे आमचं अडलं नाही. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहायला मला जमणार नाही, म्हणून मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे.

"बाया येतात त्या मासा बघतात," ते म्हणाले. "तू गळ बघितलास. कोणाची आहेस तू?"

"गरवणाऱ्याची," मी म्हटलं. "माझा बाप खाडीवर गरवायला जायचा. आमच्याकडे याला गरी म्हणतात."

"मग बस," ते म्हणाले. बाक मला दिला. मधे जास्तीच्या काठीचा एक तुकडा गवतावर आडवा ठेवला. "दीड मीटर. बरोबर मोजून कापल्यासारखा आहे. सरकार एवढं अंतर ठेवा म्हणतं. आलं तर दाखवू."

आणि सरकार खरंच आलं. मे महिन्यात असेल. त्यांनी थर्मासमधला चहा ओतायला आपली काठी माझ्या हातात दिली होती. तेवढ्यात निळ्या कपड्यातला एक तरणा माणूस सायकलवरून उतरला. तिथे मासे धरायला परवाना लागतो आणि तो माझ्याकडे कुठला असणार? काठी टाकून द्यावी तर पाण्यात जाईल. त्या माणसाने मला काही विचारलं. मी पदर तोंडापर्यंत ओढला. भाऊंनी शांतपणे चहाचा पेला खाली ठेवला आणि डचमध्ये त्याच्याशी बोलले. तो माणूस एवढा हसला की त्याने टोपी काढली. तो गेल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत?"

"सांगितलं, ही माझी बहीण. ही मासे धरत नाही. मी पाण्यात पडू नये म्हणून काठीचं दुसरं टोक धरते."

"आणि त्याने ऐकलं?"

"तो म्हणाला, मग हिला परवाना नको, पगार द्या."

घरी मी हे सांगितलं तेव्हा मनीषा आधी घाबरली. "आई, डिस्टन्स ठेवतेस ना? एज्ड माणूस आहे तो, आणि आपल्याकडे बाळ आहे." मग जरा वेळाने लॅपटॉप मिटत म्हणाली, "तू इथे येऊन दोन महिन्यांत मैत्री केलीस? मला तीन वर्षांत शेजारणीचं नाव कळलं नाही."

भाऊंची एक डबी होती. म्हाताऱ्या माणसांना गोळ्या ठेवायला देतात ती, सात खणांची, झाकणांवर वारांची नावं. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली. भाऊंनी तिच्यात गळ ठेवले होते आणि गोळ्या कोटाच्या खिशात, पावाच्या चुऱ्याबरोबर. सोमवारच्या खणात सोळा नंबरचे गळ, मंगळवारी चौदा, बुधवारी बारा, असं करत शनिवारी सहा आणि रविवारी दोन. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. आकडा मोठा तर वस्तू मोठी, एवढं माझं गणित. गळांचं उलटं. नंबर वाढेल तसा गळ बारीक होत जातो. सोळा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा आणि दोन म्हणजे माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. हे मला पाठ व्हायला आठवडा लागला. भाऊ परीक्षा घेत. डोळे मिटायला लावून एक गळ काठीवर ठेवत आणि म्हणत, "उचल. किती?" मी बोटांनी चाचपून सांगे. दहा. आठ. चुकलं तर म्हणत, "तुझ्या बापाला कळवतो."

त्या कालव्यात आठ नंबरपेक्षा मोठा गळ त्यांना कधी लागत नसे. तरी शनिवार आणि रविवार हे दोन खण ते रोज उघडून बघत, पुसत, परत लावत. ते दोन खण कॅनडासाठी होते.

त्यांचा मुलगा अनिल तिकडे होता. पश्चिमेच्या बाजूला, डोंगर आणि नद्या आहेत तिथे. त्या नद्यांत स्टीलहेड नावाचा मासा येतो. नदीत जन्मतो, समुद्रात जातो, आणि दोन-तीन वर्षांनी मोठा होऊन आपल्याच नदीत परत येतो. अनिलने बापाला त्या माशासाठी बोलावलं होतं. मार्चचं तिकीट काढलेलं, बॅग भरलेली. आणि मार्चमध्येच सगळं बंद झालं. बॅग तशीच दारामागे उभी होती. "उघडली नाही," ते म्हणाले. "उघडली तर मी जात नाही असं होईल."

सहा वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते, हे मला नंतर कळलं. आम्ही गळांचे उलटे काटे मोडत बसलो होतो तेव्हा त्यांनी सांगितलं. गळाच्या टोकाशी मागे वळलेला एक बारीक काटा असतो, त्यामुळे मासा निसटत नाही. कॅनडाच्या त्या नद्यांवर तसा गळ चालत नाही. तो काटा पकडीने दाबून सपाट करावा लागतो, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. भाऊंचा हात कापे, म्हणून पकड मी धरत असे.

"असा गळ माशाला धरणार कसा?" मी विचारलं.

"दोर ताणून ठेवायचा," ते म्हणाले. "सारखा. ढिला पडला की गेला."

मग ते बायकोचं सांगायला लागले. तीस वर्षं ते हेगला ट्राम चालवत होते. बायको तिथेच गेली. अनिलला विमान मिळायला उशीर झाला. तो पोचला तेव्हा विधी सुरू होते. तो बॅग हातात घेऊनच पुढच्या रांगेकडे आला, आणि भाऊ सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "पाहुण्यांनी मागे बसायचं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बसला मागे. संध्याकाळच्या विमानाने गेला."

पकडीत एक गळ तसाच धरलेला होता. मी तो दाबला नाही.

सहा वर्षांनी अनिलचा फोन आला तो असा की, पापा, इकडे स्टीलहेड येतात, येणार का? मागचं एक अक्षर नाही. भाऊ त्याच दिवशी दुकानात गेले आणि हिरवं जाड जॅकेट विकत घेऊन आले. कॅनडाच्या थंडीसाठी. ते बॅगेत होतं, किमतीच्या चिठ्ठीसकट.

त्यानंतर दर रविवारी पाच वाजता अनिल फोन करी. तिकडे तेव्हा सकाळचे आठ. भाऊ पावणेपाचलाच काठी बाजूला ठेवत, टोपी काढून केस सारखे करत. फोनवर चित्र दिसे. अनिल चाळिशीचा, दाढीवाला, मागे स्वयंपाकघर. बोलणं अर्धं डच, अर्धं त्यांचं. पण विषय एकच असल्यामुळे मला कळे.

"पापा, किती नंबर?"

"सहा."

"सहा? तो स्टीलहेड आहे, तुमच्या कालव्यातलं पिल्लू नाही. दहा किलोचा मासा. तुमचा सहा नंबरचा गळ सरळ करून तुम्हाला हात हलवून जाईल."

"गळ सरळ होतो तो हात आडदांड असला की. बारीक गळ चटकन शिरतो. मोठा गळ माशाला लांबून दिसतो."

"दिसू दे की. दोन नंबरला पकड तर बसते."

"तू लहानपणी बूटसुद्धा दोन नंबर मोठे मागायचास."

"वाढलोच ना मग त्या बुटात!"

अर्धा तास हेच. माशाची सवय, दोराची जाडी, आमिषाचा गोळा केवढा, आणि परत सहा की दोन. अनिल रागावे, हसे, शेवटी म्हणे, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, पापा. पुढच्या रविवारी बघतो तुम्हाला." भाऊ फोन छातीच्या खिशात ठेवत आणि आनंदाने म्हणत, "आज पण ठरलं नाही."

उन्हाळा असाच गेला. तिथे उन्हाळ्यात नऊ-दहा वाजेपर्यंत उजेड असतो. मी बाळाला गाडीत घालून आणी. भाऊ लांबूनच त्याला टाळ्या वाजवून दाखवत. मी कधी घावन नेई, ते त्यांच्याकडचे उडदाचे वडे आणत, मधलं भोक बोटात अडकवून खात. मी त्यांना आमच्या खाडीचं सांगे. माझा बाप जिताड्याला कोणती गरी लावायचा, उधाणाला काय करायचा, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, निवळ पाण्यात काय. घरी माझं कोणी एवढं ऐकून घेतलेलं मला आठवत नाही. मी मुळात बोलतच नाही. लग्नात, बारशात मी भांड्यांच्या बाजूला असते. पण भाऊ विचारत आणि थांबत, उत्तर येईपर्यंत. पाण्याकडे बघत थांबत, म्हणून बोलायला सोपं जाई.

एकदा मी धीर करून म्हटलं, "भाऊ, एकदा म्हणा ना दोनला हो. मुलाचं मन राहील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग पुढच्या रविवारी काय बोलू?"

मी हसले. मला ती गंमत वाटली.

सप्टेंबरातला रविवार होता. वारा सुटला होता. अनिलचा फोन आला आणि त्याने एक फोटो दाखवला. त्याच्या मित्राने धरलेला स्टीलहेड, दोन हातांत आडवा, तोंड उघडं. "हे बघा, पापा. हे बघा आणि सांगा सहा." भाऊ फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. मग एकदम फोन माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "हिला विचार. ही गरवणाऱ्याची पोर आहे. ही सांगेल."

फोन दीड मीटरच्या काठीपलीकडून, हात लांब करून धरलेला. त्यात तो दाढीवाला मुलगा. पुढे वाकून, हसत, आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, "बोला मौसी. सहा की दोन?"

माझ्या कानात गरम झालं. परका पुरुष तोंडासमोर, दोघेही माझ्याकडे बघताहेत. मी फोटो आठवला. भाऊंनीच शिकवलं होतं, तोंड बघायचं. त्या माशाचं तोंड चार नखांचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "दोन."

एवढंच. एक शब्द बोलून मी खाली बघितलं.

पुढे बोलायचं होतं. माझा बाप असता तर त्याने म्हटलं असतं, तोंड बघून अर्धंच कळतं, पाणी कसं आहे ते सांग. पाणी गढूळ आणि चढलेलं असेल तर मोठं आमिष, मोठी गरी, नाहीतर माशाला दिसायचं नाही. पाणी उतरून काचेसारखं निवळलं असेल तर बारीक गरी, नाहीतर तो जवळ येणार नाही. नदीचं पाणी रोज बदलतं. म्हणजे सहाही बरोबर आणि दोनही बरोबर. हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्याला चार वाक्यं लागली असती आणि माझ्या अंगात एकाच शब्दाचं बळ होतं.

अनिलने टाळी वाजवली. "झालं! पापा, हरलात. दोन म्हणजे दोन. मौसी, थँक यू." भाऊही हसले. म्हणाले, "ठीक आहे. दोन." फोन लवकर संपला. "विमानं सुरू झाली की भेटू," असं अनिल म्हणाला. भाऊ त्या दिवशी "आज पण ठरलं नाही" म्हणाले नाहीत.

बुधवारी त्यांना एक फोटो आला. अनिलने दोन नंबरच्या गळांची पन्नासाची पेटी विकत घेतली होती. तो त्यांनी मला दाखवला. फोटोखाली अनिलने फक्त अंगठा पाठवला होता.

पुढच्या रविवारी पाच वाजता फोन आला नाही. भाऊ केस सारखे करून बसले होते. सव्वापाचला टोपी घातली. "काम असेल," म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही.

"तुम्ही करा ना," मी म्हटलं.

"मी?" त्यांनी दोरावरचं तरंगतं बूच पाण्यात टाकलं. "मी त्याला मागे बसवलंय, बहिनी. तो बोलवेल तेव्हा मी बोलायचं."

अनिल वाईट होता असं मला वाटत नाही. मला वाटतं तोही बापासारखाच. फोन करायला त्याला एक कारण लागत होतं. सहा वर्षांचं मधे असताना नुसतं कसे आहात कसं विचारायचं? गळाचा नंबर विचारता येत होता. तो मी ठरवून टाकला.

मी रोज ठरवी की आज भाऊंना पाण्याचं सांगायचं. रोज काठीपर्यंत जाऊन बाकावर बसे, आणि जीभ उचलत नसे. आपण केलेलं आपल्या तोंडाने सांगायचं, म्हणजे आधी ते केलं असं म्हणावं लागतं. ऑक्टोबर लागला. पानं पडायला लागली. एका सकाळी भाऊ नवं हिरवं जॅकेट घालून आले. किमतीची चिठ्ठी काढलेली होती. मी बघितलं आणि त्यांनीही बघितलं की मी बघितलं.

"थंडी पडली," ते म्हणाले.

बॅग उघडली होती.

ते गेल्याचं मला गावी कळलं, जानेवारीत. मनीषाने फोनवर सांगितलं. तोच आजार, बारा दिवस दवाखान्यात. शेवटच्या विधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. मनीषा गेली होती, माझ्या वतीने. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. अनिलला येता आलं नाही, तो पडद्यावर होता. मी विचारलं, "तो काही बोलला का गं?"

"बोलत होता, आई. बराच वेळ. पण त्याच्याकडून म्यूट राहिलं होतं. फक्त ओठ हलत होते. तिथल्या माणसाने खुणा केल्या, पण त्याचं लक्ष नव्हतं. डोळे पुसत होता."

मी फोन ठेवला आणि दारापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिले.

पण मला लिहायचंय ते मी निघाले त्या दिवसाचं. ऑक्टोबरच्या शेवटाला माझ्यासाठी एका खास विमानात जागा मिळाली. रविवार होता. साडेपाचला गाडी येणार होती. मी साडेचारला मनीषाला म्हटलं, "आलेच," आणि मास्क लावून कालव्यावर गेले. भाऊ होते. बूच पाण्यात होतं. फोन मांडीवर होता.

मी बाकावर बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. नदीच्या पाण्याचं, गढूळचं, निवळचं. मला तेव्हा हे म्हणायचं होतं आणि मी दोन म्हणून मोकळी झाले. सहाही बरोबर होतं. तुम्ही त्याला सांगा की रोजचं पाणी बघून ठरव. माझी हिंदी सगळी मोडून पडत होती. मास्क ओला झाला.

भाऊंनी ऐकून घेतलं. पाण्याकडे बघत, माझं संपेपर्यंत.

"ते मला ठाऊक आहे, बहिनी," ते म्हणाले. "पन्नास वर्षं काठी धरतोय."

"मग तुम्हीच का नाही बोललात त्याला?"

"मी बोललो असतो तर बापाने परत एकदा निकाल दिला, असं झालं असतं." त्यांनी मांडीवरचा फोन सरळ केला. "तू तुझ्या बापाच्या खाडीचं मला सांगितलं होतंस. म्हणून फोन तुझ्याकडे फिरवला. म्हटलं, ही सांगेल, पाणी बघा. मग तो दर रविवारी मला नदीचं पाणी सांगत बसला असता. आज चढलंय, आज उतरलंय. पाणी काय, कधी संपतं का?"

मी बाकाची पाठ धरली.

"रडू नको," ते म्हणाले. "तुझ्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. तोंड मोठंच होतं त्याचं."

"तुम्ही आज करा फोन," मी म्हटलं. "माझं नाव सांगा. म्हणा, ती बाई चुकली."

"तुझ्यावर ढकलू?" ते म्हणाले. मग हसून हाताने पुलाकडे दाखवलं. "जा. विमान सुटेल. घरी पोचलीस की तुझ्या खाडीला माझा राम राम सांग."

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी काठीचा तुकडा आडवा धरला. "दीड मीटर," म्हणाले. म्हणून मी लांबूनच जमिनीला हात लावला.

पुलावर जाऊन मी मागे वळले. पाच वाजत आले असतील. त्यांनी टोपी काढली होती आणि हाताने केस मागे सारत होते. फोन मांडीवरून उचलून त्यांनी बाकावर ठेवला, मी बसायचे तिथे, उताणा, आणि त्याच्याकडे बघत बसले. तेवढ्यात पाण्यातलं लाल बूच हललं. एकदा बुडालं, वर आलं, मग सरळ खाली गेलं. चांगला मासा असणार. त्यांचं लक्ष नव्हतं. मी पुलावरून ओरडायला हवं होतं, भाऊ, ओढा. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मागे मनीषा मला हाका मारत होती. दोर जरा वेळ ताणलेला राहिला, मग सैल झाला. बूच वर येऊन आडवं पडलं. भाऊ अजून फोनकडेच बघत होते.